मागचं माणूस

१४ जुलै, शिनदियन

आ-युआन,

फोन करत नाहीये, कारण फोनवर तू मला हसवतोस आणि माझा राग फुकट जातो. सगळ्या संसारात हेच झालं. घटस्फोटाच्या सह्या करायच्या दिवशीसुद्धा तू त्या कारकुनाच्या केसांच्या टोपाबद्दल काहीतरी कुजबुजलास आणि मी रडायचं सोडून फिस्सकन हसले. या खेपेला लिहूनच काय ते.

निंगचा ताप उतरलाय. गुडघ्याचे टाके पुढच्या आठवड्यात काढतील. भात खाते, माशाचं सूप पिते, विचारलं तर हो-नाही म्हणते. एवढंच तुला कळवायचं होतं असं समज आणि पुढचं वाचू नकोस. वाचलंस तर पुरतं वाच.

शनिवारी दुपारी मी पोहण्याच्या तलावावर होते, लहान मुलांचा वर्ग चालू होता. तुझ्या भाषेत छातीभर पाण्याची मास्तरीण आपलं काम करत होती. फोन आला. नंबर अनोळखी, माणूस मात्र अदबीनं बोलणारा.

"चुआंग यांच्या गटाचं मागचं माणूस तुम्हीच ना?"

"कोण चुआंग?"

"बाई, मी हुआलियनच्या अग्निशमन दलातून काओ बोलतोय. सहा जणांचा गट ओढ्यात गेलाय. चौकीवर तुमचं नाव दिलंय. वर कुठल्या वाटेनं गेलेत? परत कधी यायचं ठरलं होतं?"

मला वाटलं, तुझ्या नावाचा जुना एखादा कागद निघाला असेल. तसं त्यांना म्हणालेसुद्धा. तर ते म्हणाले, नाही, आज सकाळीच दिलंय. चुआंग, त्यांची मुलगी आणि चार पाहुणे.

त्यांची मुलगी.

मागचं माणूस म्हणजे काय, ते आता तुला मी शिकवायचं का? गट डोंगरात जातो आणि एक माणूस घरी राहतं. कोण कोण गेलंय, कुठून जाणार, कुठे वळणार, पाणी चढलं तर कुठल्या बाजूनं वर निघणार, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर धोका समजायचा, हे सगळं त्या माणसाला ठाऊक असतं. तू मला यातलं काही सांगितलं नव्हतंस. मी तुझी बायको उरलेली नाही हेसुद्धा तू विसरलास. चौकीवरच्या पोलिसानं विचारलं, मागे कोण आहे, आणि तुझ्या तोंडातून सवयीनं माझं नाव निघालं. दात घासावेत इतक्या सहज.

आणि मला तर तू सांगितलं होतंस की निंग तुझ्या आईकडे, आमांकडे आहे, पेरू तोडतेय.

सुदैव, की तुझ्या त्या शू ड्रायव्हरचं डोकं चालतं. तो गाडी घेऊन पुलाशी थांबला होता. खालचं पाणी एकाएकी गढूळ झालं, काटक्या-पाला वाहत यायला लागला, आणि वर डोंगरमाथ्यावर काळं झालेलं त्यानं पाहिलं. त्यानं लगेच अग्निशमन दलाला फोन केला. तू ते पाणी बघितलं नसशील असं नाही. बघितलंस, आणि अजून पाच मिनिटं म्हणालास. मी तुला ओळखते.

काओंना मी म्हणाले, डाव्या फाट्यात शोधा. कातळाच्या डोहाजवळ. नेहमीची वाट उजवीकडे आहे ना, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, असू दे, डावीकडेच जा. कसं कळलं, हे त्यांनी विचारलं नाही. तूही विचारू नकोस.

बसायला जागा मिळाली नाही, म्हणून रेल्वेत दाराशी उभी राहून मी हुआलियनला आले. अंधार पडायच्या आत त्यांना निंगची शिट्टी ऐकू आली होती आणि पलीकडच्या कातळावर तुम्ही दिसला होतात. पण पाण्यामुळे दोर टाकता येईना. उजाडेपर्यंत मी पुलावर होते. सकाळी एकेकाला आणलं. आधी पाहुण्यांतल्या त्या म्हाताऱ्या शिक्षिका, फांग बाई, स्ट्रेचरवर, कंबरेचं हाड मोडलेल्या. मग निंग. तिचे ओठ जांभळे होते, आणि अंगात तुझा शर्ट होता, सुती, ओलाचिंब, अंग आणखी गारठवणारा. सुती शर्ट, आ-युआन. ओढ्यात.

सगळ्यात शेवटी तू आलास. कपाळावर रक्त, आणि मला बघून म्हणालास, "अरे, तू कशी इथे?"

तुझ्या गालावर जी बसली ती मी दिली, हे लिहून ठेवते. टीव्हीवाल्यांनी ते दाखवलं नाही. त्यांनी दाखवला तो लोंढ्यात उडी मारून सत्तरीच्या शिक्षिकेला ओढून काढणारा शूर मार्गदर्शक. उडी मारलीस हे खरं आहे. तू घाबरट असतास तर मी कधीच सुखी झाले असते. सकाळी गाडीतली सहा लाईफ जॅकेटं अंगात घालायला लावली असतीस तर ती उडी मारावी लागली नसती. शूनं मला मागचं दार उघडून दाखवलं. सहाही तिथेच होती, घडी करून ठेवलेली, कोरडी. दोरही तिथेच.

पेइ-त्सेन


२३ जुलै

आ-युआन,

आमांनी पाठवलेली बांबूच्या कोंबांची खोकी मिळाली. तळाशी तुझं पत्र होतं. कोंबांखाली पत्र ठेवायची कल्पना आमांची नसणार.

तू लिहिलंस की निंगला पंधरा पूर्ण झाली म्हणून तिला तो डोह दाखवायचा होता. 'जिथे तिची आई मला पहिल्यांदा भेटली, बूट वाहून गेलेली, अनवाणी आणि शिव्या देत.' वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासली.

तर हो, म्हणूनच मी डावीकडे सांगितलं. तुला कुणाला खूश करायचं असलं की तू डावीकडे वळतोस. पण ही गोष्ट तू गोड करून मला खाऊ घालू नकोस. डोह सुंदर आहे, मला ठाऊक आहे. डोहाच्या वर दोन्ही बाजूंना उभे कडे आहेत, पाणी आलं तर चढून जायला जागा नाही, हेही मला ठाऊक आहे आणि तुलाही. उन्हाळ्यात दुपारी तिथे कुणी जात नाही. आपण तिथे होतो ते सकाळी, थंडीच्या आधी, आणि तुझे वडील खाली पाण्यावर नजर ठेवून बसले होते.

आणि मग शेवटच्या चार ओळी. चौकशीत मी सांगावं की वाट मला माहीत होती. तू आदल्या रात्री फोन करून सगळं कळवलं होतंस. 'तू तसंही बरोबरच सांगितलंस त्यांना, म्हणजे माहीत होतं असंच झालं ना?'

वा. माझ्या अंदाजालाच तू तुझी तयारी म्हणून खपवायला निघालास.

काल आमांचाही फोन आला. त्या काय बोलल्या ते तुला सांगणार नाहीत, म्हणून मी सांगते.

"पेइ, तू माझी सून होतीस."

"होते, आमा."

"मग एक वाक्य बोलायला काय तोंड झिजतं तुझं? परवाना गेला तर तो काय करेल? दुसरं काय येतं त्याला?"

"आमा, त्या पाण्यात तुमची नातही होती."

"मला सांगतेस? मी देवळात बसून होते, पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही."

"मग आता देवालाच सांगा चौकशीत खोटं बोलायला."

त्यांनी फोन ठेवला. तुझ्या आईला मी असं आजवर कधी बोलले नव्हते. बाळंतपणात माझ्या उशाशी बसून तिळाच्या तेलातली कोंबडी भरवणारी बाई ती. माझ्या तोंडून तिला असं ऐकावं लागलं, त्याचाही राग तुझ्यावरच धर असं मी स्वतःला सांगितलंय.

मी खोटं बोलणार नाही. आमांना वाईट वाटेल, निंगला वाईट वाटेल. तुझं म्हणशील तर तुला काय वाटतं याचा मला आता अंदाज येत नाही.

कोंब चांगले आहेत. डुकराच्या मांसात घालून केले. निंगनं दोनदा वाढून घेतलं.

पेइ


११ ऑगस्ट

आ-युआन,

चौकशीच्या खोलीत तू माझ्याकडे बघत होतास ते मला दिसत होतं. मी त्या अधिकारी बाईंच्या पेनाकडे बघत बोलले. मला काहीही कळवलेलं नव्हतं. माझं नाव मला न विचारता दिलं. डावा फाटा मी अंदाजानं सांगितला. तीन वाक्यं.

मला वाटलं होतं की फांग बाई तुझ्यावर आग पाखडतील. तर त्या चाकांच्या खुर्चीत ताठ बसून म्हणाल्या, "यांनी मला वाचवलंय, हे आधी लिहून घ्या." आणि मग, अगदी शाळेत विचारावं तसं, तुझ्याकडे वळून, "पण मला एक सांगा, लाईफ जॅकेटं गाडीत का राहिली?"

तेव्हा तुला काहीही सांगता आलं असतं. बकल तुटलं होतं, पाणी कमी होतं, विसरलो. मी तुझी सगळी कारणं ओळखते. तू म्हणालास, "फोटोत नारंगी रंग वाईट दिसतो, अशी लोकांची तक्रार असते. म्हणून."

खोलीत कुणी हसलं नाही. तू बोललास आणि कुणी हसलं नाही, असं मी पहिल्यांदाच पाहिलं. फांग बाईंनी मान हलवली आणि म्हणाल्या, "मीच म्हणाले होते तसं. गळ्यापर्यंत येतं ते, जाड दिसतं, असं म्हणाले होते. तुम्ही ऐकायला नको होतं." आणि रडायला लागल्या.

परवाना गेला, दंड झाला, हे मला आमांकडून कळलं. शू म्हणाला की तू बाजारातल्या न्याहारीच्या दुकानात अंड्याच्या पोळ्या भाजतोस आणि बऱ्या भाजतोस.

यातलं काही लिहायचं म्हणून मी बसले नव्हते. निंगबद्दल लिहायचं आहे आणि ते मला जमत नाहीये.

चौकशीनंतर तिनं माझ्याशी बोलणं टाकलं. घरी आल्यावर एकदाच बोलली. "बाबा सगळ्यांसमोर किती छोटे दिसत होते. तुला बरं वाटलं असेल." मी तिला म्हणाले की मला बरं वाटलं नाही. ती म्हणाली, "मग कशाला केलंस?" याला उत्तर आहे, आणि मी ते दिलं. पंधरा वर्षांच्या मुलीला उत्तरं नको असतात.

मग परवा तिला तलावावर घेऊन गेले. म्हटलं, पोहली की मोकळी होईल. ही मुलगी चालायच्या आधी पोहायला शिकली, ठाऊक आहे ना तुला. कडेला येऊन उभी राहिली. माझी सहा वर्षांची पोरं तिच्या शेजारून धपाधप उड्या मारत होती. ती उभीच. मी पाण्यातून हात पुढे केला तर ती मागे सरली. "आवाज येतोय," म्हणाली. तलावाला कसला आवाज असतो.

कपडे बदलायच्या खोलीत तिनं सांगितलं. वरून पाणी आलं तेव्हा आधी आवाज आला, दगड एकमेकांवर आपटल्याचा, ढगांच्या गडगडाटासारखा. तू म्हणालास की विमान असेल.

विमान असेल.

हे तू चौकशीत सांगितलं नाहीस. तिनंही सांगितलं नाही. तुला वाचवायला तिनं ते महिनाभर गिळून ठेवलं. आता सांग, माझ्याकडून कसलं खोटं मागत होतास?

या पत्राखाली सही करत नाही.


२९ सप्टेंबर

आ-युआन,

तुझं पत्र निंगनं वाचलं. मी वाचलं नाही. तिच्या नावचं होतं. वाचून झाल्यावर ती बराच वेळ संडासात होती, आणि बाहेर येऊन म्हणाली की मला तिथे परत जायचंय. बाबांबरोबर नाही. तुझ्याबरोबर.

मी नाही म्हणाले. आठवडाभर नाही म्हणत होते. ती म्हणाली, मग मी शॉवरच्या आवाजाला घाबरून आयुष्यभर आंघोळ बादलीनंच करणार का? मग मी हो म्हणाले.

तर रविवारी जातोय आम्ही. डाव्या फाट्यानं, डोहापर्यंत, पुढे नाही. आठवडाभर मी रोज पावसाचे आकडे बघतेय. वादळ नाही, वरच्या खोऱ्यात पाऊस नाही. शनिवारी रात्री थेंब जरी पडला तरी बेत रद्द आणि आम्ही आमांकडे जेवून परत येऊ. उजाडताच पाण्यात उतरायचं आणि दुपारच्या आधी पुलावर परत. बूट नमद्याच्या तळाचे, ओल्या दगडावर न घसरणारे, दोघींचे नवे. अंगात रबरी पोशाख, लाईफ जॅकेट, हेल्मेट, शिट्टी. माझ्याकडे दोर. कोरडे कपडे दुहेरी पिशवीत, थर्मासमध्ये गुळाचं आल्याचं पाणी. डोहाच्या अलीकडे उजव्या हाताला जो झाडीचा उतार आहे, तिथून गरज पडली तर वर निघणार. काओसाहेबांशी बोलून तो उतार अजून शाबूत आहे, ढासळलेला नाही, याची खात्री केलीय.

हे सगळं तुला सांगतेय, कारण आमचं मागचं माणूस तू आहेस.

हसू नकोस. मी विचार करून ठरवलंय. तुझ्याइतका तो ओढा कुणाला माहीत नाही, हे तुझे शत्रूही मान्य करतील. दुकानातून सुट्टी घे. आमांच्या घरी फोनशेजारी बस. पुलावर आलो की निंग तुला फोन करेल. एक वाजेपर्यंत फोन आला नाही तर काओंना कळव आणि वर लिहिलेलं सगळं त्यांना सांग. एक वाजेपर्यंत काहीही करू नकोस. पुलाशी येऊ नकोस, कुणाला पाठवू नकोस, फोन लावत बसू नकोस, तिथे लागतही नाही. नुसता बस.

तुला जमणार नसेल तर आत्ताच सांग. मी शूला विचारेन. या वेळी मी विचारतेय, एवढं लक्षात घे. तुझं नाव मी तुझ्या परवानगीशिवाय कुठेही देणार नाही.

पेइ


७ ऑक्टोबर, शिनदियन

आ-युआन,

मी अजून रागावलेली आहे. आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून तुझा गैरसमज होईल.

तुला डोहाबद्दल ऐकायचं असेल. पाणी स्वच्छ होतं, तळातला प्रत्येक गोटा दिसत होता. निंग काठाच्या खडकावर बसून राहिली. मी तिला काही म्हणाले नाही. मी थोडी पोहले, परत येऊन तिच्याशेजारी बसले, आम्ही भाताचे गोळे खाल्ले. तिनं वर कड्याकडे बघून विचारलं, "पाणी आलं तर इथून किती वेळात उतारावर पोचू?" आम्ही चालत जाऊन बघितलं. परत आलो. ती म्हणाली, "अजून एकदा." पुन्हा गेलो. तिसऱ्यांदा ती पुढे होती आणि मी मागे धापा टाकत होते. मग कधीतरी, मी थर्मास उघडत होते तेव्हा, मागे पाण्याचा आवाज झाला. वळून बघते तर ती डोहाच्या मध्यावर, पाठीवर तरंगत, डोळे मिटून. कान पाण्याखाली.

मी तिला बाहेर ये म्हणाले नाही. वेळ होता आमच्याकडे. भरपूर होता.

खाली येताना पुलाच्या बऱ्याच अलीकडे काओ आणि त्यांची दोन माणसं भेटली, दोर-बीर घेऊन घामाघूम. निंगच्या तोंडात पेरू होता.

"काय झालं?" मी विचारलं. मला वाटलं वर दुसरंच कुणी अडकलंय.

"तुम्हालाच शोधतोय," काओ म्हणाले.

"अजून बाराच वाजलेत."

"ठाऊक आहे. अकरापासून चुआंग आमच्या ऑफिसात आहेत. वाट सांगतायत, उतार सांगतायत, तुमच्या जॅकेटांचा रंगसुद्धा सांगून झालाय. आम्ही म्हटलं, एक वाजू दे. ऐकत नाहीत. शेवटी त्यांना शांत करायला आम्हीच निघालो." मग जरा थांबून, "तुमचे हे असेच आहेत का हो आधीपासून?"

"माझे नाहीत ते."

"बरं, ज्या कुणाचे असतील. रडतायत तिथे बसून. घेऊन जा त्यांना, आमचा ऑफिसातला पोरगा घाबरलाय."

निंगला इतकी लाज वाटली की तिनं पूर्ण रस्ताभर हेल्मेट काढलं नाही.

मी तुला नुसता बस म्हणाले होते. एवढं एकच सांगितलं होतं. तीन माणसांना उन्हात उगाच डोंगर चढायला लावलास, आणि तेवढ्यात खरंच कुणी अडकलं असतं तर ती माणसं आमच्या मागे लागलेली असती. मागच्या माणसाचं अर्धं काम फोन करणं आहे आणि अर्धं काम वेळ होईपर्यंत फोन न करणं आहे. दुसरं अर्धं अवघड असतं. ते तुला जमलं नाही. पुढच्या खेपेला आम्ही शूला विचारू, तुला नाही. निंगलाही हे मान्य आहे.

तू ऑफिसातल्या बाकावर बसला होतास, हातात मी पाठवलेलं पत्र, आणि पायात दोन वेगवेगळ्या चपला. निंगला बघून उठलास आणि पुन्हा बसलास. तुझी गाडी मी चालवली. आमांनी दारातच निंगच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "जेवून जा. दोघी." जेवणात त्यांनी मासा माझ्या बाजूला सरकवला. तुला नुसता भात आणि पालेभाजी.

आमांकडे येताना वाटेत, बाजाराच्या वळणावर, तू हळूच विचारलंस, "मी वर असताना तुला दर वेळी असंच व्हायचं का?" मागे निंग जागी होती, म्हणून मी रस्त्याकडे बघत राहिले. तुला वाटलं असेल, मी ऐकलं नाही.

हो, आ-युआन. दर वेळी. आणि मग अंगणात गाडीचा आवाज यायचा, तू ओले बूट दारात फेकायचास आणि विचारायचास, जेवायला काय आहे. मी उठून भात गरम करायचे.

पेइ